बाप्तिस्म्यानंतरही राग येतो, म्हणून घाबरू नकोस

भाऊ, बाप्तिस्मा झाला तरी राग, हेवा जात नाही, मग आपला विश्वास खोटा का, असं तू परवा प्रार्थनेनंतर विचारलंस. खोटा नाही. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात येशूचा प्रेषित पौलच कबूल करतो की, जे करू नये वाटतं तेच हातून घडतं. आणि पौल ज्याला देह म्हणतो, म्हणजे माणसातला पापी स्वभाव, तो फक्त दारू नि वासना नव्हे. गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात वैर, मत्सर, तट पाडणं हीसुद्धा देहाचीच कर्मं आहेत. मी बांधावरून चुलतभावाशी तीन वर्षं बोललो नाही आणि दर रविवारी पुढे बसून गीतं गायचो. ते मला पाप वाटतच नव्हतं.

रावेरला तुझी केळी आहे. बुंध्याशी पील फुटतं, तू विळ्याने कापतोस, थोड्या दिवसांत कोंब पुन्हा वर. म्हणून बाग मोडतोस का? नुसत्या निर्धारावर मात्र लढू नकोस, मी त्यात फार थकलो. पवित्र आत्म्याकडे मदत माग. पाणी भरायला जाताना बायबलातलं ५१वं स्तोत्र, पश्चात्तापाची ती प्रार्थना, म्हण. पडलास तर त्याच दिवशी चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्याला सांग.

चुलतभावाकडे शेवटी मी गेलो, तेव्हा त्याने काही न बोलता अंगणात खाट टाकली.