'थडगेचोर' की 'प्रेतचोर'?

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ब्रिटनमधील शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकांना पुरलेले देह उकरून विकणाऱ्यांना मराठीत 'थडगेचोर' म्हणावे की 'प्रेतचोर', असे एका वाचकाने विचारले आहे. माझा कौल 'प्रेतचोर' या शब्दाला आहे. थडगे फोडणाऱ्याचा डोळा सहसा मृताबरोबर पुरलेल्या ऐवजावर असतो. या मंडळींना ऐवज नको होता, देह हवा होता. 1752च्या कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांचे देह विच्छेदनासाठी मिळू लागले होते, पण विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली तसे ते अगदीच अपुरे पडू लागले. प्रेतावर कोणाचीही मालकी नसते असे इंग्लंडचा कायदा मानत असल्यामुळे ते उकरून नेणे हा तुलनेने किरकोळ अपराध ठरे, मात्र अंगावरचे कफन नेले तर ती खरीखुरी चोरी होई. म्हणून सराईत माणसे कफन शवपेटीत परत टाकून उघडा देह तेवढा उचलत. मग 'चोर' हा शब्द कायद्याला धरून नाही, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु स्कॉटलंडमध्ये ज्यांनी आपल्या माणसांच्या थडग्यांवर लोखंडी पिंजरे बसवले आणि रात्री पहारे दिले, त्यांच्या लेखी ती चोरीच होती, आणि शब्द निवडताना मला त्यांची बाजू मोठी वाटते.

एडिंबरोच्या बर्क आणि हेअर यांना मात्र यांपैकी कोणताही शब्द लावू नये. त्यांनी थडगे उकरलेच नाही. आजारपणाने वारलेल्या एका भाडेकरूचा देह त्यांनी प्रथम विकला आणि नंतर, 1828 सालच्या अखेरीपर्यंत, सोळा जणांचे खून करून त्यांचे देह डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीररचनाशास्त्राच्या शाळेला पुरवले. ते खुनी होते, एवढेच म्हणावे. जानेवारी 1829मध्ये फाशी दिल्यानंतर बर्कच्याच देहाचे विच्छेदन झाले.

याच विषयावरील लेखनात 'बेवारस' हा शब्दही फार सैलपणे येतो. 1832च्या कायद्यानंतर अनाथालये-दरिद्रालयांत मेलेल्या आणि कोणी ताब्यात न घेतलेल्या गरिबांचे देह शिक्षणसंस्थांना मिळू लागले व प्रेतांचा चोरटा व्यापार ओसरला. पण यांतील अनेकांना वारस होते. दफनाचा खर्च करण्याची ऐपत त्या वारसांकडे नव्हती. तेव्हा या संदर्भात 'बेवारस' न लिहिता, थोडे लांब वाटले तरी, 'ताब्यात न घेतलेले मृतदेह' असेच लिहावे.