रंग न देता गालाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नीट का दिसत नाहीत?

कारण पेशी जवळपास पाण्याइतकीच पारदर्शक असते. ती प्रकाश फारसा शोषत नाही, त्याच्या लहरींना फक्त किंचित उशीर लावते. आणि डोळ्याला उजेड-अंधार कळतो, हा उशीर नाही. फेज कॉन्ट्रास्ट ही सूक्ष्मदर्शकाची पद्धत हाच उशीर उजेड-अंधारात बदलते. तिच्यात कंडेन्सरपाशी (नमुन्यावर प्रकाश एकवटणारं भिंग) कंकणाकृती फट आणि ऑब्जेक्टिव्हमध्ये (नमुन्याजवळचं भिंग) तिच्याशी जुळणारं कडं असतं. सरळ आलेला प्रकाश त्या कड्यातून जाताना मंद होतो आणि पाव तरंगलांबीने सरकतो. पेशीतून विखुरलेला प्रकाश आता त्याच्या बरोबर उलट पडतो, दोघे एकमेकांना खोडतात आणि पेशी केंद्रकासकट गडद उठून दिसते. किती सुंदर युक्ती! डच भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निकेंना यासाठीच १९५३ चं नोबेल मिळालं. कडेची चमकती प्रभा मात्र पेशीचा भाग समजू नका.

साध्या सूक्ष्मदर्शकावर कंडेन्सरचा डायफ्रॅम (प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारी झडप) थोडा मिटून बघा, कडा लगेच स्पष्ट होतात.