हजेरीपत्रक हाती घेताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयाकडे नेमलेल्या अठरा मुलामुलींची गटप्रमुख म्हणून तुझी निवड झाली, हे वाचून फार आनंद झाला. त्याच पत्रात तू पुढे विचारले आहेस, "मॅडम, ज्या मुलींबरोबर मी एका खोलीत राहते, एका मेसमध्ये जेवते, त्यांना मी काम कसे सांगू?" हा प्रश्न तुला पडला याचे मला समाधान वाटले, कारण तो ज्याला पडत नाही त्याच्याकडे गट सोपवताना मला नेहमीच धास्ती वाटत आली आहे. विद्यार्थिनी असताना दोन वर्षे मी याच योजनेत काम केले आणि नंतर नोकरीची तीसएक वर्षे अशा मुलांकडून काम करून घेण्यात गेली. त्या आधारावर जे मनापासून वाटते ते सविस्तर लिहिते.

गटप्रमुखाच्या हाती पहिल्या दिवशी अधिकार असा काहीच येत नाही. हाती येते ते हजेरीपत्रक. त्या कागदाकडे नीट पाहा. त्यावरच्या प्रत्येक नावापुढे रोजचे तास लिहायचे, महिनाअखेर त्यांची बेरीज करायची, विभागप्रमुखांची सही घ्यायची. मग तो कागद विद्यार्थी विकास मंडळाकडे जाणार, तिथून लेखा विभागात आणि शेवटी मुलांच्या बँक खात्यात मानधन जमा होणार. या वाटेवर तो कुठेही अडू शकतो. कुणाच्या खातेक्रमांकातला एक अंक चुकलेला असतो, कुणाची सही राहिलेली असते, कुठे बेरीज जुळत नाही. आणि मग त्या एका नावासाठी पुष्कळदा सगळा गठ्ठाच शेरा मारून परत येतो. मेसचे पैसे मात्र ठरलेल्या तारखेलाच भरायचे असतात, आणि घरून पैसे मागवण्याची सोय असती तर यातली बरीच मुले या योजनेत आलीच नसती.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, हजेरी रोजच्या रोज भर आणि शाईने भर. आठवडाभराची हजेरी शनिवारी आठवून भरण्याची सवय लावून घेऊ नकोस. महिना संपण्याच्या चार-पाच दिवस आधी प्रत्येकाला त्याचे तास दाखव, त्याच्याकडून ते तपासून घे, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स सगळ्यांकडून एकदाच घेऊन ठेव, आणि कागद कार्यालयात दिला की कोणत्या तारखेला कुणाकडे दिला याची नोंद आपल्या वहीत कर. तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे. आपले पैसे वेळेवर यावेत म्हणून ही मुलगी लेखा विभागात तीनदा जाऊन आली, हे ज्या मुलींनी पाहिलेले असते, त्या तिने सांगितलेले काम मनाविरुद्ध करत नाहीत.

याच कागदाच्या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक तुला सांगितली पाहिजे. मी गटप्रमुख असताना माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची आजी आजारी पडली म्हणून ती गावी गेली, आणि ती नसलेल्या तीन दिवसांची तिची हजेरी मी लावली. त्या वेळी ते मला माणुसकीचे वाटले. पुढच्याच आठवड्यात आणखी दोघींनी तशीच विनंती केली, आणि एकीला दिलेली सवलत दुसरीला नाकारण्याचे तोंड माझ्याकडे उरले नव्हते. आमच्या विभागातल्या पर्यवेक्षकांनी प्रवेशद्वारावरच्या नोंदवहीशी आमची हजेरी ताडून पाहिली. ते रागावले नाहीत. त्यांनी लाल शाईने ते तास खोडले, प्रत्येक खोडलेल्या जागी माझी सही घेतली आणि सगळ्या गटाचे हजेरीपत्रक पुन्हा ओळीओळीने तपासायला ठेवले. त्या महिन्याचे मानधन तीन आठवडे उशिरा आले. गटात सोलापूरकडची एक मुलगी होती, तिने माझ्याकडे कधी एका मिनिटाचीही सवलत मागितली नव्हती. त्या तीन आठवड्यांत मेसचे पैसे भरण्यासाठी तिला उसनवारी करावी लागली. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, आणि म्हणूनच ते आजही माझ्या मनातून गेलेले नाही.

तेव्हा पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर स्वच्छ सांगून टाक की, न केलेल्या कामाची हजेरी लागणार नाही. मात्र त्याच दमात हेही सांग की, कुणाला अडचण असेल, परीक्षा असेल, घरी लग्नकार्य किंवा दुखणे असेल, तर आधी कळवावे. त्याच महिन्यात पाळ्या बदलून तास भरून काढण्याची सोय आपण करू. सवलतीची जागा पाळ्यांच्या तक्त्यात असते, आणि तो तक्ता तुझ्या हातात आहे. जून ते मार्च या काळात कोणत्या वर्गाच्या परीक्षा केव्हा येतात हे आधीच मांडून ठेवलेस तर ऐनवेळी कुणापुढे हात जोडण्याची वेळ येणार नाही. स्वतःच्या परीक्षेच्या आठवड्यात स्वतःचेही तास कमी कर. गटप्रमुखाने अभ्यास मागे टाकून सगळ्यांची कामे ओढणे हे कौतुकाचे लक्षण आहे, असे मला वाटत नाही.

आता काम शिकवण्याविषयी. नव्या मुलांना ग्रंथालयात पहिले काम मिळते ते परत आलेली पुस्तके जागेवर लावण्याचे, आणि तिथली एक चूक मी शेकडो वेळा पाहिली आहे. पुस्तकाच्या विषयाला दिलेला क्रमांक म्हणजे वर्गांक, आणि पुस्तके त्याच्याच क्रमाने लावतात. वर्गांक ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि ८९१.४३९ म्हणजे उर्दू साहित्य. नवा मुलगा हातात दोन पुस्तके घेतो, चारशे एकोणचाळीस हा आकडा शेहेचाळीसपेक्षा मोठा म्हणून उर्दूचे पुस्तक मराठीच्या नंतर नेऊन लावतो, आणि त्याला वाटते की आपण बरोबर केले. वास्तविक हे दशांश चिन्हानंतरचे अंक आहेत. ते डावीकडून एकेक करून वाचायचे. पहिला चार दोन्हींकडे सारखाच, पुढे एकीकडे तीन आणि दुसरीकडे सहा, म्हणून उर्दू आधी आणि मराठी नंतर. ४६ च्या पुढे मनातल्या मनात एक शून्य मांडून ४६० आणि ४३९ असे वाचायला सांगितले की ही गोष्ट दोन मिनिटांत समजते. जुनी मुले मात्र बहुधा हे समजावण्याऐवजी "एवढेही कळत नाही का?" असे म्हणून पुस्तक स्वतःच जागेवर लावून टाकतात. त्यामुळे नव्या मुलाच्या हातून दुसऱ्या दिवशी तीच चूक होते, आणि शिवाय तो आता विचारायलाही कचरतो.

तू त्याला कारण सांग. चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक संगणकावर 'उपलब्ध' दिसते, वाचक ते शोधत तासभर उभा राहतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. ते पुस्तक चोरीला गेल्यासारखेच असते. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. फळी नीट लावणे हे त्या नियमाचे रोजचे पालन आहे, हे कळलेला मुलगा आणि केवळ 'हा रॅक लाव' एवढेच ऐकलेला मुलगा यांच्या कामात महिन्याभरात फरक दिसतो. ज्याने चूक केली त्यालाच पंधरा दिवसांनी पुढच्या नव्या मुलाला हे समजावून द्यायला लाव. माझ्या अनुभवात यापेक्षा चांगला उपाय मला सापडला नाही.

रंगनाथनांचे नाव निघालेच आहे, तर तुझ्या दुसऱ्या शंकेकडे वळते. "हे काम करून माझ्या करिअरला काय उपयोग?" असे तू थोडे संकोचून लिहिले आहेस. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा सुरुवातीला ते त्या कामाला इतके कंटाळले होते की त्यांना पुन्हा शिकवण्याकडे परतायचे होते. पुढे लंडनला जाऊन त्यांनी तिथली ग्रंथालये जवळून पाहिली आणि पुस्तकांच्या वर्गीकरणात आपले गणित कामी येते हे त्यांच्या ध्यानात आले. आपल्या या योजनेला अनेक ठिकाणी ज्यांचे नाव दिलेले आहे, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांचेही तसेच पाहा. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले होते. ज्या माणसाने १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले, त्याला खेड्यापाड्यांतली घरे आणि त्यांची परिस्थिती आधीपासून ठाऊक होती. विक्रीच्या त्या फिरतीचा या कामाला उपयोग झाला नसेल, असे मला वाटत नाही.

साताऱ्याच्या त्या वसतिगृहातली मुले श्रम करून शिकत होती आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे वाक्य त्यांच्या रोजच्या जगण्यातून आलेले होते. तरीही आज अनेक मुले आपण 'कमवा-शिका'त आहोत हे वर्गात लपवतात, बायोडेटात लिहीत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. आपलीच मुले एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकायला गेली की, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेत विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा भोजनगृहात काम करतात आणि घरी फोनवर ते अभिमानाने सांगतात. तेच काम इथे केले तर मान खाली घालण्याचे कारण काय?

बायोडेटात हे काम लिही, पण नीट लिही. 'कमवा आणि शिका योजनेत सहभाग' या एका ओळीतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'ग्रंथालयात अठरा विद्यार्थ्यांच्या पाळ्यांचे नियोजन केले, त्यांची मासिक हजेरी व मानधनाची कागदपत्रे सांभाळली, मराठी विभागाच्या फळ्यांची पडताळणी केली' असे लिहिलेस तर मुलाखत घेणारा त्यावर प्रश्न विचारेल, आणि ते काम तू खरोखर केलेले असल्यामुळे तुला उत्तरे पाठ करावी लागणार नाहीत. त्यासाठी दर महिन्याला अर्धे पान लिहून ठेव. त्या महिन्यात काय केले, किती पुस्तके लावली, काय चुकले, कोणती पद्धत बदलली, एवढे पुरे. जे केले नाही ते मात्र एका शब्दानेही वाढवून लिहू नकोस. हजेरीपत्रकाचा नियम इथेही लागू आहे. अनुभवाचे प्रमाणपत्र वर्ष संपण्याआधीच मागून घे आणि त्यावर तारखा व कामाचे स्वरूप लिहिलेले आहे ना, ते पाहून घे, कारण अधिकारी बदलून गेले की तुझे काम प्रत्यक्ष पाहिलेला माणूस शोधावा लागतो. ग्रंथालयशास्त्राकडे जायचे असेल तर पदवीनंतरचा बी. लिब.चा मार्ग आहेच. स्पर्धा परीक्षा किंवा दुसरे काही करायचे असले तरी माणसे आणि कागद सांभाळण्याची ही सवय वाया जाणार नाही.

एक नाजूक गोष्टही लिहिते. कधी कधी कार्यालयातले कुणी मुलांना खासगी कामे सांगतात. बँकेत पाठवतात, घरचे सामान आणायला लावतात. बागेत पाणी घालणे, कपाटे पुसणे ही योजनेतली कामे आहेत आणि त्यांत कमीपणा नाही. पण कुणाचे घरचे काम हे योजनेचे काम नव्हे. तसे घडले तर त्या मुलाला वाद घालायला लावू नकोस. "सर, या वेळेत त्याची पाळी देवघेव विभागात आहे," असे तू स्वतः जाऊन नम्रपणे सांग, आणि पुन्हा घडले तर योजनेच्या समन्वयकांना लेखी कळव. गटातल्या सर्वांत बुजऱ्या मुलाच्या वतीने हे बोलणे, हा मला गटप्रमुखाच्या कामाचा सर्वांत अवघड भाग वाटतो, आणि तो टाळणारे गटप्रमुख मी पुष्कळ पाहिले आहेत.

शेवटचे काम आजच सुरू कर. एक दोनशे पानी वही आण आणि तुझ्यानंतर येणाऱ्या गटप्रमुखासाठी तिच्यात लिहायला लाग. हजेरीपत्रक कोणत्या खिडकीवर द्यायचे, तिथे कोणत्या वेळी माणूस भेटतो, खातेक्रमांकांची यादी कोणत्या फाइलमध्ये आहे, कोणत्या रॅकमध्ये पावसाळ्यात ओल येते, नव्या मुलांच्या चुका नेमक्या कुठे होतात, हे सगळे त्यात असू दे. मला गटप्रमुख केले तेव्हा असे काहीच मिळाले नव्हते आणि पहिले दोन महिने मी नुसती विचारत फिरत होते. मार्चमध्ये तू काम सोडशील तेव्हा ती वही नव्या मुलीच्या हातात दे आणि एक आठवडा तिच्याबरोबर पाळीला उभी राहा.

या महिन्याचे हजेरीपत्रक कोणत्या तारखेला जमा झाले आणि मुलांच्या खात्यात पैसे केव्हा आले, ते मला पुढच्या पत्रात कळव. सोबत ८९१.४३९ चा घोळ कुणी घातला आणि तू त्याला कसे समजावलेस, तेही लिही.

तुझी,
मॅडम