गर्भारपणातला ताण आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. ऑफिसात नोकरकपात सुरू आहे, रात्री झोप लागत नाही. ताणाने बाळाच्या मेंदूवर होणारा परिणाम टळतो म्हणून नणंदेने अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणून दिल्यात. घेऊ का? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : ताई, त्या गोळ्या बाजूला ठेवा. ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, पण त्यातलं बरंचसं वारेतच निष्प्रभ होतं. तेव्हा बाळाचं नुकसान झालंच, असं धरून बसू नका. गाभण उंदरांवरच्या काही प्रयोगांत ताणामुळे पिलांच्या मेंदूत झालेले बदल अँटिऑक्सिडंटने कमी झाले, हे खरं. पण माणसात ते सिद्ध झालेलं नाही. ब्रिटनमध्ये प्रीएक्लॅम्पसियाचा (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या आजाराचा) धोका असलेल्या गरोदर बायकांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व, म्हणजे अँटिऑक्सिडंटच, देऊन पाहिलं. २००६ साली निष्कर्ष आला : आजार टळला नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. म्हणून मी इतकी ठामपणे सांगते आहे.

आवळा, पेरू, मेथी खुशाल खा. लोह-फॉलिकच्या गोळ्या मात्र चुकवू नका.

मला जास्त काळजी तुमच्या झोपेची आहे. पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येतं.