आकडा 89 आला, तर मशिन वाढवायचे का?

(वाचकांच्या प्रश्नांना या सदरात उत्तर देणाऱ्या लेखिका छातीविकारांच्या वॉर्डात अनेक वर्षे परिसेविका होत्या.)

प्रश्न : माझे सासरे 74 वर्षांचे आहेत. विडीच्या जुन्या व्यसनामुळे त्यांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन कायम धाप लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) झाला आहे. पावसाळ्यात ते रुग्णालयात होते. घरी सोडताना डॉक्टरांनी कॉन्सन्ट्रेटरवरून (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या मशिनवरून) नाकातल्या नळीने मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन, दिवसातून किमान पंधरा तास द्यायला सांगितले. मागच्या आठवड्यात ऑक्सिमीटरवर 89 दिसले, म्हणून दिरांनी मशिन पाचवर नेले. आकडा 97 झाला आणि आम्हांला हायसे वाटले. पण सासरे दिवसभर पेंगत राहिले आणि संध्याकाळी त्यांना नात ओळखू येईना. त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. आमचे काय चुकले? घरी नेमके काय पाहायचे?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आपल्या दिरांच्या जागी दुसरे कोणीही असते, तरी त्याने हेच केले असते. करोनाच्या काळात घराघरांत ऑक्सिमीटर आले आणि त्यांच्यासोबत ‘94 च्या खाली गेले की धावपळ करायची’ हा नियमही आला. ज्याची फुप्फुसे आजाराआधी धडधाकट होती, त्याच्यासाठी तो नियम ठीक होता. परंतु जुन्या सीओपीडीच्या ज्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याची शक्यता असते, त्यांच्यासाठी साधारणपणे 88 ते 92 ही पातळी राखली जाते. म्हणजे आपण घाबरलात तो 89 चा आकडा बहुधा योग्यच होता आणि ज्या 97 ने हायसे वाटले, तोच घातक ठरला. आपल्या सासऱ्यांसाठी कोणती पातळी ठरवली आहे, हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद मशिनवरच चिकटवावा.

असे का होते, तेही समजून घ्यावे. फुप्फुसाच्या ज्या भागांत हवा नीट खेळत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या शरीर आपणहून आकुंचित करते आणि रक्त चांगल्या भागांकडे वळवते. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला की या वाहिन्या पुन्हा सैल पडतात, रक्त निकामी भागांतून फिरू लागते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडता साठत जातो. शिवाय काही रुग्णांची श्वास घेण्याची ओढही मंदावते. सकाळी डोके दुखणे, पेंग येणे, असंबद्ध बोलणे, हात पुढे धरले की पंजे फडफडणे ही त्याची लक्षणे आहेत. साध्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. नळीने दोन लिटर दिल्यावर तो सुमारे 28 टक्के आणि पाच लिटरवर सुमारे 40 टक्के होतो. ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याची मात्रा रक्तदाबाच्या गोळीइतकीच नेमकी असते. मात्र चूक लक्षात आल्यावर घाबरून नळी एकदम काढून टाकू नये, कारण त्याने पातळी पूर्वीपेक्षाही खाली कोसळू शकते. प्रवाह डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेवर आणावा आणि रुग्णाला तातडीने दाखवावे.

आता काय पाहायचे? आकड्याच्या आधी माणूस पाहावा. ते एका दमात पूर्ण वाक्य बोलू शकतात का, श्वास घेताना मानेचे स्नायू ताणले जातात का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, ओठ निळसर दिसतात का, कफाचा रंग किंवा प्रमाण बदलले आहे का, हे रोज एकाच वेळी पाहून वहीत टिपून ठेवावे. ते बरे असतानाची नोंद हाताशी असली, तरच बिघाड ओळखता येतो. बोट गार असेल, नखाला पॉलिश किंवा काळी मेंदी असेल किंवा हात हलत असेल, तर ऑक्सिमीटर फसवतो. हात चोळून ऊब आणावी, बोट स्थिर ठेवावे आणि आकडा एका जागी थांबल्यावरच लिहावा. झोपेतून जागे करणे कठीण जात असेल, बोलणे तुटक झाले असेल किंवा ठरवून दिलेल्या मात्रेवरही आकडा 88 च्या खालीच राहत असेल, तर वाट न पाहता 108 ला फोन करावा.

धाप लागल्यावर त्यांना उताणे झोपवू नये. खुर्चीत बसवून, समोरच्या टेबलावर दोन उश्या ठेवून त्यांवर हात टेकवून पुढे झुकू द्यावे. नाकाने श्वास घ्यावा आणि गरम चहावर फुंकर घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून, घेण्यास लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून, तो सोडावा. घाईने सोडलेल्या श्वासात हवा आतच अडकते. चंबू केल्याने श्वासनलिका थोडा अधिक वेळ उघड्या राहतात. आंघोळ स्टुलावर बसून करावी. एका वेळी पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे, चार-पाच वेळा खावे, कारण भरलेले पोट श्वासपटलाला वर ढकलते. जेवताना नळी काढण्याची गरज नसते.

आपल्या पत्रात नसलेली, पण मला सर्वांत जास्त काळजीची वाटणारी गोष्ट म्हणजे आग. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण ठिणगीचा भडका करतो. नळी लावून विडी ओढणाऱ्यांचे चेहरे भाजतात. समई, निरांजन, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांच्यापासून सासरे आणि मशिन निदान तीन मीटर दूर असावेत. पूजा करायचीच असेल, तर देवघरातला दिवा दुसऱ्या कोणी लावावा. लोडशेडिंगसाठी एक भरलेला बी-टाइप सिलिंडर घरात उभा बांधून ठेवावा. त्यात साधारण 1500 लिटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे दोन लिटरच्या प्रवाहाने बारा तासांची सोय होते. तो उघडायचा कसा, हे घरातल्या किमान दोघांनी दिवसाउजेडी शिकून घ्यावे.

प्रश्न : मी जीएनएमच्या (परिचारिकेच्या पदविका अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डातल्या तक्त्यांवर जवळजवळ प्रत्येक रुग्णाचा श्वसनाचा वेग 18 किंवा 20 लिहिलेला दिसतो. ऑक्सिमीटर असताना श्वास मोजण्याला खरोखर महत्त्व आहे का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आपली नजर चांगली आहे. ते 18 आणि 20 बहुधा न मोजताच लिहिलेले असतात, हे आमच्या पेशातले उघड गुपित आहे. फुप्फुसे थकू लागली की शरीर आधी श्वासाचा वेग वाढवून ऑक्सिजनची पातळी सांभाळते, म्हणून आकडा खाली येण्याच्या कितीतरी आधी वेग वाढलेला असतो. वेग 25 वर गेला की वरिष्ठांना कळवायचे. आकडा 96 आहे म्हणून थांबायचे नाही. मनगट नाडी पाहण्यासाठी धरल्यासारखे ठेवून पूर्ण एक मिनिट छाती पाहावी. मोजत आहोत हे रुग्णाला कळले की तो श्वास बदलतो. उलट, वेग अचानक 8 वर आला आणि रुग्ण शांत झाला, तर तो बरा झाला असे समजू नये, तो दमला असू शकतो.

दुसरे असे, की आकड्यासोबत ऑक्सिजन कशाने आणि किती दिला, हे लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. साध्या हवेवरचे 95 आणि दहा लिटरच्या मास्कवरचे 95 या दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत. रात्रपाळीच्या सिस्टरला ‘95, स्थिर’ एवढेच मिळाले, तर तिला काहीच कळत नाही.

प्रश्न : नळीमुळे आईचे नाक कोरडे पडते आणि कानामागे जखम झाली आहे. नाकाला व्हॅसलिन लावावे का? वाफ द्यावी का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : व्हॅसलिन, तेल आणि बाम हे तिन्ही तेलकट पदार्थ ऑक्सिजनच्या नळीजवळ वर्ज्य आहेत. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारलेले जेल मिळते, ते नाकपुडीत अगदी थोडे लावावे. मशिनला पाण्याची बाटली असेल, तर तिच्यात डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेले पाणी रोज नवे भरावे. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वयस्कर माणसाला वाकवू नये. त्या वाफेने कफ सुटण्यापेक्षा मांडी भाजण्याची शक्यताच जास्त असते. कानामागे नळीखाली मऊ कापडाची घडी ठेवावी, नळी दर काही तासांनी थोडी सरकवावी आणि जखम ओली असेल, तर ती डॉक्टरांना दाखवावी.