डबल बेस वाजवणारा मुलगा आणि कर्जाचा प्रश्न

ताई, नमस्कार.

पत्र वाचलं. मुलगा न्यू जर्सीत अकरावीला, शाळेच्या ऑर्केस्ट्रात डबल बेस (व्हायोलिनसारखंच, पण उभं राहून वाजवायचं भलंमोठं वाद्य) वाजवतो, आता कॉन्झर्व्हेटरीलाच, म्हणजे संगीताच्या कॉलेजलाच, जायचं म्हणून हटून बसलाय, बाबा म्हणतायत आधी कॉम्प्युटर सायन्स कर मग काय वाजवायचं ते वाजव, आणि तुमचं मधल्यामधे मरण. यात भविष्य आहे का, हा तुमचा प्रश्न.

बाबांना एवढं सांगा की जगप्रसिद्ध ऑर्केस्ट्रा कंडक्टर झुबिन मेहता मुंबईत झेवियर्सला मेडिकलच्या वाटेवर होते, ते सोडून १९५४ ला व्हिएन्नाला गेले आणि कंडक्टिंग शिकताना त्यांचं वाद्य होतं डबल बेसच. पण लगेच हुरळून जाऊ नका हं, त्यांचे वडील व्हायोलिनवादक, मुंबईत ऑर्केस्ट्रा उभा केलेला माणूस, आपल्याकडे घरात फार तर पेटी असते.

आता खरं चित्र. मोठ्या ऑर्केस्ट्रात बेसवाले साधारण आठ, आणि एकदा पक्की नोकरी लागली की लोक वर्षानुवर्षं हलत नाहीत. जागा निघाली की देशभरातून लोक स्वतःच्या खर्चाने, ते कपाटाएवढं वाद्य घेऊन येतात. ऑडिशन पडद्याआड, बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष कळू नये म्हणून खाली कार्पेटसुद्धा घालतात. वाजवायचे तुकडे ठरलेले: बेथोवनच्या पाचव्या सिंफनीत तिसऱ्या मूव्हमेंटमधे (भागात) बेस आणि चेलो एकदम धावत सुटतात तो, नवव्या सिंफनीतलं रेसिटेटिव्ह (बेस-चेलो बोलल्यासारखे वाजतात तो भाग), मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीतला. पाच-सात मिनिटांत पडद्यामागून थँक यू, संपलं.

आणि एक गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही. बेसवाली मुलं कमी असतात त्यामुळे शाळेत, युथ ऑर्केस्ट्रात ती सगळ्यांची लाडकी. कॉन्झर्व्हेटरीच्या ऑडिशनला हे लाड संपतात, कारण तिथे सगळेच बेसवाले, आणि जागा एखाद-दोनच. म्हणून शाळेच्या सरांचं कौतुक बाजूला ठेवा, एखाद्या प्रोफेशनल ऑर्केस्ट्रातल्या बेसवाल्याकडे दोन-तीन लेसन घ्या आणि तोंडावर विचारा, हा कितपत तयार आहे? कार्नेगी हॉलच्या नॅशनल युथ ऑर्केस्ट्राला अर्ज करू दे, निवड झाली तर फी लागत नाही, नाही झाली तरी आपण कुठे आहोत ते कळतं.

माझं मत विचाराल तर म्युझिकच्या डिग्रीसाठी मोठं कर्ज अजिबात नको. इंजिनियरचं कर्ज पगारातून फिटतं, फ्रीलान्स बेसवाल्याचं फिटता फिटत नाही. फिलाडेल्फियाच्या कर्टिस कॉन्झर्व्हेटरीला ट्यूशन फी नाही पण तिथे शिरणं महाकठीण. ओबर्लिन कॉलेजला पाच वर्षांत म्युझिक आणि दुसरा विषय अशा दोन डिग्र्या होतात, बार्डच्या कॉन्झर्व्हेटरीत तर दोन डिग्र्या कराव्याच लागतात, म्हणजे बाबांचं कॉम्प्युटरही बसतं. स्कॉलरशिप किती मिळते ते हातात आल्यावरच हो म्हणा. बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीलाच अर्ज आणि प्रीस्क्रीनचा, म्हणजे ऑडिशनला बोलवायचं की नाही ते ठरवणारा, व्हिडिओ लागतो, त्यामुळे त्यात वाजवायचा कॉन्चेर्टो (एकट्या वाद्याला पुढे ठेवून ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली रचना) या उन्हाळ्यातच पक्का व्हायला हवा.

वाद्य शाळेचं असेल तर बारावी झाली की परत द्यावं लागेल, ते आत्ताच धरून चाला. प्लायवूडचा नको, अस्सल लाकूड कोरून केलेला बेस बघा, महाग असतो, आधी भाड्याने घ्या. दुकानदार थ्री-क्वार्टर, म्हणजे पाऊण मापाचा, म्हणाला तर लहान मुलांचा समजू नका, मोठी माणसंही बहुतेक तोच वाजवतात. आणि इलेक्ट्रिक बेस पण शिकू दे, ब्रॉडवेच्या (न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांच्या) पिटमधे, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या जागेत, दोन्ही वाजवणाऱ्याला काम मिळतं. क्लासिकलवाले नाकं मुरडतील, मुरडू देत.

सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही लिहिलंच नाहीये. तुमचं ग्रीन कार्ड झालंय का? मुलगा अजून एच फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर एकविसाव्या वर्षी ते स्टेटस संपतं, आणि व्हिसा स्पॉन्सर करणारं ऑर्केस्ट्रा सहजी मिळत नाही. तसं असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा, आणि मला मुलाच्या वाजवण्याचा एक दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, एडिट न केलेला.