वाचकांचे प्रश्न : मोअर सुरू होत नाही, तर 'डायरेक्ट' करावा का?

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी ओहायओमध्ये एक एकराचे आवार असलेले घर घेतले आणि आधीच्या मालकांकडूनच त्यांचा बसून चालवायचा लॉन मोअर (गवत कापायचे यंत्र) विकत घेतला. हिवाळाभर तो शेडमध्ये उभा होता. आता किल्ली फिरवली की कधी काहीच होत नाही, तर कधी नुसता 'टक्' असा आवाज येतो. माझे वडील सांगलीहून आमच्याकडे आले आहेत आणि त्यांनी उभी हयात ट्रॅक्टर चालवला आहे. सीटखालच्या स्विचच्या वायरी एकमेकींना जोडून टाकाव्यात आणि स्टार्टर स्क्रूड्रायव्हरने डायरेक्ट करावा, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यात काही धोका आहे का?

उत्तर : धोका आहे, आणि तो मोठा आहे. वडील सांगतात त्या युक्तीने स्टार्टर फिरेल यात शंका नाही. अडचण नेमकी तीच आहे, कारण तो कोणत्याही परिस्थितीत फिरेल. किल्लीकडून स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे (बॅटरीचा करंट स्टार्टरला जोडून देणाऱ्या विजेच्या स्विचकडे) जाणारा करंट वाटेत काही स्विचांमधून जातो. ब्रेकचे पेडल पूर्ण दाबलेले असेल आणि पाती फिरवणारा क्लच सोडलेला असेल, तरच तो पुढे सरकतो; कित्येक मॉडेलांत चालक सीटवर असणेही आवश्यक असते. सोलेनॉइडच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा ठेवला, की ही सारी तपासणी टळते. बऱ्याच मोअरमध्ये सोलेनॉइड सीटच्या आसपास, मागच्या चाकाजवळ असतो. म्हणजे तिथे हात घालणारा माणूस जमिनीवर, चाकाच्या अगदी लगत उभा असतो, आणि यंत्र गिअरमध्ये राहिले असेल तर इंजिन पेटताक्षणी ते त्याच्या अंगावर येऊ शकते. शेतीच्या ट्रॅक्टरवर अशा तऱ्हेने माणसे चिरडली गेली आहेत. म्हणूनच 'सीटवर बसूनच सुरू करा' असा इशारा तिथे स्टार्टरजवळ चिकटवलेला असतो. वडिलांना हे समजावताना अमेरिकेचे नियम सांगण्यापेक्षा ट्रॅक्टरचाच दाखला द्यावा. तो त्यांना लवकर पटेल.

आता मूळ दुखण्याकडे वळू. 'टक्' असा आवाज येतो याचा अर्थ बहुधा स्विचांचे काम चोख झाले आहे आणि बॅटरी कमी पडते आहे. थंडीत महिनोन्महिने न वापरलेली बॅटरी उतरतेच. मल्टिमीटर लावून पाहा : पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. त्याहून बरेच कमी असल्यास चार्जर लावा आणि टोकांवर पांढरट-हिरवट थर जमला असेल तर तो काढा. केबल सोडताना आधी ऋण आणि जोडताना शेवटी ऋण, हा क्रम मात्र चुकवू नका. मोटारीच्या बॅटरीवरून करंट घ्यायचा असेल तर ती बॅटरीही 12 व्होल्टचीच असावी, मोटारीचे इंजिन बंद ठेवावे आणि शेवटचा चिमटा मोअरच्या बॅटरीला न लावता दूर, फ्रेमच्या उघड्या धातूला लावावा, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो.

काहीच आवाज येत नाही तेव्हा ब्रेक तळापर्यंत दाबला आहे ना आणि पात्याचा क्लच सोडलेला आहे ना, हे पाहा. पुष्कळ मोअरवर त्यासाठी पिवळे बटण असते. ते वर ओढलेले राहिले असेल तर किल्ली कितीही फिरवा, उपयोग नाही. त्यानंतर फ्यूज, आणि मग सीट उचलून तिच्या स्विचचा जोड पाहा. हिवाळ्यात शेडमधले उंदीर वायरी कुरतडतात आणि इंजिनच्या कव्हरखाली घरटी करतात, तेव्हा तिथेही नजर टाका. वाळलेल्या गवताचा तो गोळा तापलेल्या इंजिनवर आग लावू शकतो. स्विच खरोखरच बिघडला असेल तर तो बदलावा. वायरी जोडून त्याला कायमचा गप्प करणे म्हणजे बिघाड दुरुस्त करणे नव्हे.

प्रत्यक्ष सुरू करताना मोअर आधी शेडबाहेर, सपाट जागी ढकलत आणा. हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) गिअर असलेल्या मोअरला त्यासाठी मागच्या बाजूला चाके मोकळी सोडण्याचा दांडा असतो. दार उघडे ठेवले म्हणून शेडमध्ये इंजिन चालवणे सुरक्षित ठरत नाही. कार्बन मोनॉक्साइड साचायला वेळ लागत नाही आणि त्याला वासही नसतो. तेल पाहा. टाकीत गेल्या शरद ऋतूतले पेट्रोल असेल तर ते काढून ताजे भरा, पण 10 टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेले नको. म्हणजे पंपावर स्वस्त दिसणारे ई-15 टाळा. मग सीटवर बसा, ब्रेक दाबा, चोक ओढा आणि किल्ली फिरवा. 10 सेकंदांत इंजिन पेटले नाही तर मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर जळेल. इंजिन स्थिरावल्यावर आसपास कोणी नसताना, पार्किंग ब्रेक लावून पाती जोडा आणि सीटवरून किंचित उठा. इंजिन तत्काळ बंद पडायला हवे. पडले नाही, तर आधीच्या मालकांनीच तो स्विच डायरेक्ट करून ठेवलेला असण्याची शक्यता आहे. जुन्या यंत्रात हे नेहमी आढळते, आणि ते दुरुस्त केल्याखेरीज गवत कापायला घेऊ नये.

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन मोअर सावकाश चालवला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. सीटखालचा स्विच केवळ वजन ओळखतो. मूल मांडीवरून घसरले तरी आजोबा बसलेलेच असतात. त्यामुळे स्विच दाबलेला राहतो आणि पाती फिरतच राहतात. शिवाय एकदा फेरी मारलेले मूल पुढच्या वेळी आवाज ऐकताच मागून धावत येते, आणि मोअर मागे घेताना ते चालकाला दिसत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना असा मोअर चालवण्यासाठी किमान 16 वर्षे वय सांगते. किल्ली काढून खिशात जाईपर्यंत नातू घरात, दुसऱ्या कोणा मोठ्या माणसाच्या नजरेखाली असावा.